आत माणूस आहे

काम तसं रोजचंच होतं. चाकणच्या अलीकडे, इंद्रायणीच्या काठी असलेल्या एका पाणीउपसा केंद्रात जायचं, तिथल्या संगणकी तारेवर काय काय जोडलेलं आहे ते एकेक करून बघायचं, प्रत्येक वस्तूवर छोटं निळं लेबल चिकटवायचं आणि संध्याकाळी पुनावळ्याला घरी परतायचं. स्वरूपानं अशी कितीतरी केंद्रं पालथी घातली होती. लातूरहून आई फोनवर विचारायची, "म्हणजे तू नक्की करतेस तरी काय गं?" तेव्हा ती सांगायची, "अगं, पाण्याचे पंप आता तारेतून आलेल्या हुकमावर चालतात. त्या तारेवर कोण कोण बसलंय हेच ठाऊक नसेल, तर उद्या एखादा चोर येऊन बसला तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. मी बसलेल्यांची ओळखपरेड करते, एवढंच."

पाणी, वीज अशा ठिकाणी ही ओळखपरेड आता नियमानंच करावी लागते. प्रत्येक यंत्राला नाव हवं, जागा हवी आणि त्याची जबाबदारी घेणारा माणूस हवा. ज्याचा ठावठिकाणा लागत नाही ते यंत्र तारेवरून तोडायचं. स्वरूपाला हा नियम आवडायचा. त्यात शंकेला जागा नव्हती.

केंद्राचे इन्चार्ज अर्जुनराव घाईतले गृहस्थ. त्यांनी चहा पाजला, दोन फोन घेतले आणि तिला एहसानच्या हवाली केलं. एहसान तिथला मेंटेनन्सचा माणूस. राहायला पिंपरीत. चाळिशी गाठलेला, हसतमुख, खिशात कायम वेलदोडे बाळगणारा. पंपांशी तो घरच्या माणसांसारखा बोलायचा.

"ही आमची म्हातारी," एका जुनाट मोटारीवर थाप मारत तो म्हणाला. "कुरकुर फार, पण कामाला खोटी नाही. लावा लेबल."

उन्हाळ्याचे दिवस होते. पत्र्याच्या छपराखाली हवा तापून उभी राहिली होती आणि नदीकडून कुजक्या जलपर्णीचा वास येत होता. दोघं खोलीखोलीतून फिरली. स्वरूपाकडे एक छोटी पेटी होती. ती तारेला जोडली की तारेवरचं जे जे यंत्र बोलेल त्याची ओळ लॅपटॉपवर उमटायची. ओळ दिसली की यंत्र शोधायचं, लेबल लावायचं, पुढे जायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळी यंत्रं सापडली. आणि एक ओळ उरली.

"जुनी जॅकवेल, किल्ली-पॅनल," तिनं वाचलं. "हे कुठं आहे, एहसानभाई?"

एहसान हसला. "ते कुठंच नाही, मॅडम. मेलं ते. नवं पंपहाऊस झालं तेव्हाच काढून भंगारात दिलं. मी स्वतः टेम्पोत भरलंय."

"पण हे बोलतंय."

"असं कसं बोलेल?"

तिनं त्या यंत्राला पुन्हा हाक दिली, म्हणजे लॅपटॉपवरून एक छोटा संदेश पाठवला. उत्तर ताबडतोब आलं. इतक्या पटकन की जणू कुणीतरी वाटच बघत बसलं होतं. पडद्यावर साधी दोन शब्दांची ओळ होती, आणि पुढे आकडा.

आत माणूस: १

एहसाननं चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग तो तिला कंट्रोल रूममध्ये लक्ष्मणरावांकडे घेऊन गेला.

लक्ष्मणराव तिथले सगळ्यांत जुने ऑपरेटर. शेजारच्याच गावचे. केंद्र उभं राहिलं तेव्हापासून इथंच. स्वरूपानं त्यांना ती ओळ दाखवली आणि विचारलं, "काका, हे किल्ली-पॅनल म्हणजे काय?"

"नदीतलं पाणी पयलं ज्या खोल हिरीत घ्यायचं, ती जॅकवेल," ते सावकाश म्हणाले. "ती नवी झाली आता. जुनीत गाळ साचायचा. गाळ काढाया गडी उतरायचं, ताई. तवा तिथं भिंतीवर किल्ल्या असायच्या. उतरणाऱ्यानं एक किल्ली काढून खिशात घालायची. किल्ली जाग्यावर न्हाई म्हंजी माणूस आत. मंग हितून कुणी कितीबी बटणं दाबा, नदीचं गेट उघडायचं न्हाई. गडी वर आला, किल्ली लावली, की झालं."

"म्हणजे आतल्या माणसावर पाणी सोडलं जाऊ नये म्हणून."

"व्हय."

"आणि जुनी विहीर बंद केली तेव्हा सगळ्या किल्ल्या जागेवर होत्या?"

लक्ष्मणरावांनी समोरच्या पडद्याकडे नजर वळवली. "येक कमी व्हती," ते म्हणाले. "हरवली म्हनं."

स्वरूपाला काही उमगेना. पॅनल भंगारात गेलं असेल तर उत्तर देणारं यंत्र वेगळं. मग त्यानं हे नाव का घ्यावं? कुणी मुद्दाम जुन्या यंत्राचं सोंग घेऊन तारेवर बसलंय का? चोर असंच करतात, हे ती जाणून होती. पण चोरानं सांगून सांगून हे सांगावं? आत माणूस आहे?

ती विचारात असतानाच कंट्रोल रूममध्ये भोंगा वाजला. नदीत वरच्या अंगाला साचलेली जलपर्णी सुटून आली होती आणि नव्या जॅकवेलीच्या तोंडाशी तिचा बोळा बसला होता. पाणी आत येईना. पंप कोरडे पडायला लागले. अर्जुनराव धावत आले. टाकीत पाणी कमी होतं, आणि त्याच टाकीवर कामगारांच्या वसाहती होत्या, दवाखाने होते. थोड्या वेळात एका डायलिसिस सेंटरचा फोन आला. पलीकडच्या डॉक्टरीणबाई घाबऱ्या आवाजात विचारत होत्या, मशीनवर पेशंट आहेत, पाणी बंद तर होणार नाही ना?

"जुनी जॅकवेल उघडा," अर्जुनराव म्हणाले. "तिच्यातून नवीत पाणी घेता येतं. लाइन अजून शाबूत आहे. जुन्या नदीगेटला हुकूम द्या."

लक्ष्मणरावांनी हुकूम दिला. गेट हललं नाही. पडद्यावर लाल अक्षरं आली.

आत माणूस आहे.

खोलीतली सगळी माणसं त्या अक्षरांकडे बघत राहिली. नवं पंपहाऊस बांधणाऱ्यांनी जुन्याच संगणकी कारभाराची नक्कल उतरवली होती. त्यामुळे जुनं गेट उघडण्याआधी अजूनही त्या किल्ली-पॅनलला विचारत होतं. आणि पॅनल उत्तर देत होतं.

"मॅडम," अर्जुनराव स्वरूपाकडे वळले, "तुमचाच नियम आहे ना? ज्याचा पत्ता नाही ते तोडायचं. मग तोडा. उत्तरच आलं नाही तर गेट ऑपरेटरला विचारतं, आणि मला उघडता येतं."

"तोडते, सर. पण आधी आत जाऊन बघू द्या."

"आत काय बघायचंय? कित्येक वर्षांत कुणी पाऊल टाकलेलं नाही तिथं."

"म्हणूनच," स्वरूपा म्हणाली. तिलाही नीट सांगता आलं नसतं की का. न बघता तोडणं तिच्या स्वभावात नव्हतं, एवढंच.

जुनं पंपहाऊस नदीला अगदी खेटून होतं. गोल, दगडी, खिडक्यांना पत्रे ठोकलेलं. एहसाननं कुलूप काढलं आणि खांदा लावून लोखंडी दार ढकललं. बाहेर दुपारचं ऊन रणरणत होतं. पण दारातून दोन पावलं आत गेलं की तो उजेड पाठीमागेच थांबायचा, पुढे येतच नसे. आत पारव्यांच्या विष्ठेचा, जुन्या तेलाचा आणि त्याखाली आणखी एक वास होता. ओल्या गाळाचा. इतकी वर्षं कोरड्या असलेल्या विहिरीतून ओल्या गाळाचा वास कसा येतो, असा प्रश्न स्वरूपाच्या मनात आला, पण तिनं तो विचारला नाही.

खोलीच्या मध्यभागी जमिनीला चौकोनी तोंड होतं. त्यातून लोखंडी जिना गोल गोल खाली उतरत होता. भिंतीवर एक नवी कोरी पेटी लुकलुकत होती. नदीची पातळी मोजणाऱ्या यंत्राची तार या खोलीतून जायची म्हणून ती तिथं बसवलेली. त्या पेटीच्या एका भोकातून एक जुनी काळी वायर निघून जमिनीच्या तोंडातून खाली गेली होती. स्वरूपानं तपासलं. उत्तर त्याच वायरीवरून येत होतं.

"खालीच आहे काहीतरी," ती म्हणाली.

"बघून येतो," एहसान म्हणाला. "तुम्ही वरच थांबा. जिना गंजलाय, दोघांचं वजन नको." त्यानं पिवळं हेल्मेट नीट केलं, नारिंगी जॅकेटची चेन ओढली आणि बॅटरी पेटवली. तोंडाशी क्षणभर थांबून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला, आणि उतरला.

स्वरूपा उपड्या ठेवलेल्या एका ड्रमवर लॅपटॉप घेऊन बसली. दार तिच्या पाठीमागे होतं, विहिरीचं तोंड डाव्या हाताला. एहसानच्या पावलांचा ठण ठण आवाज खाली खाली जात राहिला. बॅटरीचा उजेड विहिरीच्या भिंतीवर फिरत होता, मग तो लहान होत गेला, मग दिसेनासा झाला.

पडद्यावरचा आकडा बदलला.

आत माणूस: २

तिला वाटलं आपण चुकीचं वाचतोय. ती पुढे वाकली. दोन. भंगारात गेलेलं पॅनल, जागेवर नसलेल्या किल्ल्या... आणि तरी त्याला कसं कळलं की एहसान उतरला? त्यानं तर कुठलीच किल्ली काढली नव्हती.

"एहसानभाई!" तिनं हाक मारली.

"आलो खाली!" आवाज घुमत आला. "कपाट आहे मॅडम... उघडं आहे. आत काही नाही. पॅनल नाही, काही नाही."

"आणि वायर?"

मग एहसानचा आवाज आला, पण आता तो दबलेला होता. "वायर तोडलेली आहे... नुसती लोंबतेय. हिला काहीच जोडलेलं नाही."

"वर या," ती ओरडली. "लगेच वर या."

जिन्यावर पावलं वाजायला लागली. ठण... ठण... सावकाश. तेवढ्यात फोन थरथरला. अर्जुनराव होते. तिनं फोन कानाला लावला, त्यामुळे पावलं कधी वरपर्यंत आली ते तिला नीट कळलं नाही. तिच्या पाठीमागून कुणीतरी गेलं आणि दाराच्या चौकटीत उभं राहिलं. तिनं मान वळवली. दारातल्या उन्हामुळे डोळे दिपले. पिवळं हेल्मेट, नारिंगी जॅकेट, काळवंडलेला चेहरा. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं.

"आलात?"

"आलो."

"मॅडम, किती वेळ?" फोनवर अर्जुनराव तापले होते. "त्या सेंटरवाल्या बाई रडकुंडीला आल्यात. टाकी तळाला लागली. एहसान कुठं आहे?"

"इथंच आहे, सर. वर आला."

"मग तोडा ना ती वायर!"

स्वरूपानं पडद्याकडे पाहिलं. आकडा अजून दोनच होता.

ती गोंधळली. एहसान वर आला तर एक व्हायला हवा. निदान तसा हिशेब सुसंगत झाला असता. पण ज्या यंत्राचं अस्तित्वच नाही, तोडलेल्या वायरीच्या टोकाशी जे बसलेलं नाही, त्याच्या आकड्यात सुसंगती शोधायची म्हणजे वेडेपणाच. कुणीही नव्हतं तेव्हा ते एक म्हणत होतं. आता दोन म्हणतंय. उद्या दहा म्हणेल. कुठल्यातरी पेटीतली बिघडलेली आठवण, दुसरं काय?

तरी ती उठली. विहिरीच्या तोंडाशी जाऊन वाकली. खाली काळोख होता आणि तो गाळाचा वास.

"कोणी आहे का?" तिनं विचारलं.

तिचाच आवाज भिंतींना लागून फिरून आला. कोणी आहे का... आहे का... आहे... त्या घुमण्यात आणखी काही मिसळलं होतं की नव्हतं, ते तिला सांगता आलं नसतं.

"एहसानभाई," ती विहिरीकडे बघतच म्हणाली, "खाली कुणी नव्हतं ना? नीट पाहिलंत ना?"

"न्हाई कुणी," दारातून उत्तर आलं. "उघडा."

"नक्की?"

"व्हय. उघडा आता."

आणि तिनं भिंतीवरच्या पेटीतून ती काळी वायर उपसली.

फोनवर अर्जुनरावांचा सुस्कारा ऐकू आला, मग लक्ष्मणरावांना दिलेला हुकूम. नदीच्या बाजूला कुठंतरी लोखंड लोखंडावर करकरलं. जमीन बारीक हादरली. आणि मग पाणी आलं. आधी लांबून ट्रक यावा तसा आवाज, मग गर्जना, आणि विहिरीच्या तोंडातून थंडगार, कुजका वारा वर आला. तिचे केस मागे उडाले.

त्या गर्जनेत तिला ठण ठण ऐकू आलं. जिन्यावर. घाईघाईनं, वेडंवाकडं, कुणीतरी जिवाच्या आकांतानं चढत असल्यासारखं.

"एहसानभाई, ऐकलंत का?" ती वळली.

दारात ऊन होतं. नुसतं ऊन.

तिनं बाहेर धाव घेतली. आवारात चिटपाखरू नव्हतं. परत आत येऊन तिनं फोनमध्ये किंचाळून सांगितलं, "बंद करा! सर, गेट बंद करा! आत माणूस आहे!" अर्जुनराव विचारत होते, कोण माणूस, कुठला माणूस, तुम्हीच म्हणालात ना एहसान वर आहे. गेट बंद व्हायलाही वेळ लागतो, लोखंडाचं धूड ते. ती विहिरीच्या तोंडाशी पालथी पडून हात खाली घालत राहिली. फेसाळलेलं काळं पाणी जिन्याचे वळसे गिळत वर येत होतं. ठण ठण थांबलं होतं.

ड्रमवरचा लॅपटॉप तसाच उघडा होता. पेटीतून उपसलेली वायर जमिनीवर पडली होती, दोन्ही टोकांनी सुटी. पडद्यावरची ओळ तरीही जिवंत होती. तिच्या डोळ्यांदेखत आकडा बदलला.

आत माणूस: १

एहसान सापडला. लक्ष्मणरावांना सापडला. केंद्राच्या खालच्या अंगाला, नदीच्या पायऱ्यांवर, जलपर्णीत पाय सोडून बसलेला. नखशिखान्त भिजलेला, डोक्यावर हेल्मेट नाही, पायात बूट नाहीत. काय झालं विचारलं तर नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "ठीक आहे मी." सगळ्यांनी मिळून त्याची संगती लावली. विहिरीतून वर आला, अंगाला घाण लागली म्हणून नदीवर धुवायला गेला, पाय घसरला. एहसाननं मान हलवली. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. अर्जुनरावांनी त्याला गाडी करून पिंपरीला घरी पाठवलं.

पाणी सुरू झालं. डायलिसिसवाल्या बाईंनी आभाराचा फोन केला. सगळं ठीक झालं होतं, असंच सगळे म्हणत होते. स्वरूपा लॅपटॉप पिशवीत भरत होती. तेवढ्यात लक्ष्मणराव तिच्याजवळ येऊन बसले.

"काका," ती म्हणाली, "ती हरवलेली किल्ली कुणाच्या खिशात होती?"

"सोपानच्या," ते म्हणाले. "माझ्याच गावचा गडी. गाळ काढाया उतरला व्हता. ठेकेदार म्हणला, पळाला, कामाचा कंटाळा व्हता त्याला. आमीबी म्हणलं, पळाला आसंल." त्यांनी गुडघ्यावरचा हात उलटा सुलटा केला. "तवा किल्लीचं पॅनल बिघडलंय म्हणून त्येनं ते बाजूला करून गेट उघडलं व्हतं. पाणी कमी पडत व्हतं, ताई. तवाबी."

घरी परतताना, हायवेवरच्या गर्दीत गाडी अडकली असताना, स्वरूपाला एकदम आठवलं. न्हाई कुणी. व्हय. उघडा आता. पिंपरीत जन्मलेला, शहरी मराठी बोलणारा एहसान दिवसभरात एकदाही तसं बोलला नव्हता. तिनं स्वतःला समजावलं की आवाज घुमला असेल, पाण्याच्या धास्तीत शब्द वेगळे ऐकू आले असतील. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

तिनं त्या ओळीपुढे नोंद करून काम पुरं केलं. जागा: आढळली नाही. जबाबदार व्यक्ती: नाही. तारेवरून तोडले. गेटच्या कारभारातून त्या पॅनलला विचारण्याची तरतूदही काढून टाकायला लावली. अर्जुनरावांनी पुढचं केलं. जुन्या पंपहाऊसचं दार विटांनी बांधून काढलं. विहिरीतलं पाणी उपसायला तेव्हा कुणाला सवड नव्हती. ते तसंच आत राहिलं.

दिवाळीनंतर फेरतपासणीला ती पुन्हा त्या केंद्रावर गेली. हवेत गारवा होता, नदी वाहती होती. सगळी लेबलं जागेवर होती. ओळी मोजकंच बोलत होत्या आणि प्रत्येक ओळीला जागा होती. जुन्या जॅकवेलीची ओळ उमटली नाही. स्वरूपानं उगाचच दोनदा हाक देऊन पाहिली. मग तिलाच हसू आलं.

एहसान भेटला. बारीक झाला होता, पण हसला तसाच. घरचं विचारलं तर म्हणाला बायको साबिया बरी आहे, पोरांच्या परीक्षा चालू आहेत. दुपारी त्यानं दोन कप चहा आणला, वेलदोडा घातलेला. दोघं आवारातल्या नळाजवळच्या कट्ट्यावर बसली. समोर विटांनी बांधलेलं ते दार होतं.

"मॅडम," कप हातात फिरवत तो म्हणाला, "एक विचारू का?"

"विचारा ना."

"त्या दिवशी तुम्ही वायर काढलीत... तेव्हा तुमच्याजवळ कोण उभं होतं?"

"तुम्ही," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्हीच होतात ना?"

"मी खालीच होतो."

एहसान शांतपणे, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं सांगत राहिला.

"तुम्ही वर या म्हणालात. मी वळलो. तेवढ्यात माझ्या पुढून कुणीतरी जिना चढायला लागलं. मी बॅटरी मारली. नुसती पाठ दिसली. माझ्यासारखंच जॅकेट. मला वाटलं, लक्ष्मणकाका मला शोधायला आले असतील. त्यांच्या मागोमाग चढलो. चढलो... चढलो... जिना संपेचना, मॅडम. वरून तुमचा आवाज येत होता, कोणी आहे का. मी ओरडलो, आहे, मी आहे. तुम्हाला नाही ऐकू आलं?"

"आहे... एवढंच आलं," ती कसंबसं म्हणाली. "मला वाटलं, माझाच आवाज फिरून आला."

"मग पाणी आलं. गळ्याशी आलं. डोक्यावरून गेलं." त्यानं कप खाली ठेवला. "त्याच्या पुढचं आठवतं ते एकदम घरचं. साबिया विचारत होती, डबा तसाच का परत आणलात."

"तुम्ही नदीच्या पायऱ्यांवर होतात, एहसानभाई. लक्ष्मणकाकांनी तुम्हाला पाहिलं. विहिरीतून नदीकडे जाणारी एखादी मोरी असेल, तिच्यातून बाहेर फेकले गेला असाल..."

"मोरी आहे," तो म्हणाला. "तिला जाळी आहे. मीच वेल्डिंग केलेली. मी जाऊन बघून आलो. तशीच आहे, हात जाईल एवढी फट नाही."

वाऱ्यानं आवारातली वाळलेली पानं सरकली. कुठंतरी पंप बदलल्याचा आवाज झाला. स्वरूपा त्याच्याकडे बघत होती. तेच डोळे, कपाळावरची तीच आठी, खिशाला आलेला वेलदोड्याचा वास.

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. "दार बांधून काढायच्या आधी? त्यांनी विहीर उपसली असती. आत शोधायला माणूस उतरवला असता."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"का? निदान सापडला तरी असता."

"कोण?"

"तो... सोपान."

एहसाननं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. एखाद्या गोष्टीचा अर्थ कितीही विचार करून लागू नये, तशी थकलेली नजर होती ती.

"तो नाही, मॅडम," तो म्हणाला. "मी."

मग तो उठला, दोन्ही कप नळाखाली धरून स्वच्छ विसळले, आणि नळ घट्ट बंद केला. थेंबही गळत नव्हता. पाणी पडल्याचा आवाज मात्र, अगदी जवळून, येतच राहिला.